पिल्लांसमोर बोलायचं नाही

४ मार्च

पोचले बाई एकदाची! बसवाल्याने फाटकाशी उतरवलं तेव्हा बॅग, पिशवी, छत्री आणि मी, या सगळ्या सामानात सर्वांत जास्त कुरकुर माझीच चालली होती. समोर नजर गेली आणि कुरकुर थांबली. जिकडे बघावं तिकडे पाणी, मधूनमधून माणसाच्या डोक्यावर जाईल असं लव्हाळं, आणि वर सगळंच्या सगळं आभाळ.

लेकीला माझं इथे येणं मुळीच पसंत नाही. हे गेल्यापासून मी तिच्याकडे राहायला यावं, असा तिचा धोशा आहे. या वयात चिखल तुडवायची हौस कुठून आली, म्हणते. मी म्हटलं, तुझ्याकडे आले तर दिवसभर तुझी वाट बघत बसेन. इथे निदान कुणीतरी माझी वाट बघेल. मग माझं मलाच वाईट वाटलं.

खोली छोटी पण नेटकी आहे. लोखंडी खाट, एक खिडकी, भिंतीला खुंट्या. शेजारच्या खोलीत दुसरे स्वयंसेवक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. हसले की छपराचे पत्रे हादरतात. मला आवडले.

५ मार्च

इथल्या डॉक्टरीणबाईंनी काम समजावलं. त्या पक्ष्यांच्या डॉक्टर. सोडून दिलेल्या घरट्यांतली क्रौंचाची अंडी इथे उबवतात. पिल्लाने माणसाचा चेहरा बघितला किंवा आवाज ऐकला, तर ते माणसालाच आई समजून बसतं आणि मग पाणथळीत त्याचा निभाव लागत नाही. म्हणून आम्ही मानेपासून पायापर्यंत राखाडी झगा घालायचा, तोंडावर जाळीचा बुरखा, आणि उजव्या हातात क्रौंचाच्या डोक्यासारखा चोचवाला मोजा. त्या चोचीने दाणा उचलून दाखवायचा. झगा जाईल तिकडे पिल्लं निमूट मागून येतात. शेड पत्र्याची, कडी बाहेरून, आणि गुडघ्याच्या उंचीवर दाणे सरकवायची एक फट.

तारेच्या कुंपणाच्या आत एक अक्षर बोलायचं नाही. आणि हे सांगतायत कुणाला? जिने उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोलून पोट भरलं तिला! ह्यांनी ऐकलं असतं तर हसून हसून ठसका लागला असता.

९ मार्च

मी शेडशी गेले की पिल्लं धावत येतात. दोन काटक्यांवर कापूस ठेवावा तशी. मला किती बरं वाटतं ते लिहून सांगता यायचं नाही. एकच पिल्लू अशक्त आहे, चोच उघडतच नाही.

आमच्याबरोबर आणखी एक झगेवाली असते, उंच आणि बारीक. कुणीतरी जुनी स्वयंसेविका असावी. झग्यात कुणीच बोलत नाही, त्यामुळे ओळख व्हायची राहिली. मनातल्या मनात मी तिला मावशी म्हणते. आज माझा पाय चिखलात रुतला, तर मावशीने पाठीवर हात ठेवून मला टणक जमिनीवर आणलं. ह्यांच्यानंतर असा हात कुणी ठेवला नव्हता. बुरख्याच्या आत रडून घेतलं. तोंड झाकलेलं असण्याचा हाही एक फायदाच.

१४ मार्च

आज नियम मोडला. अशक्त पिल्लाने मान टाकली होती. मला राहवेना. लेकीला लहानपणी ताप आला की मी जे म्हणायचे, तेच तोंडून गेलं. चिऊ, ये गं, घाबरू नकोस, मी आहे ना. पिल्लाने मान उचलली आणि चक्क दाणा घेतला!

वळून बघते तर दारात मावशी. आता डॉक्टरीणबाईंकडे तक्रार जाणार म्हणून मी चोरासारखी उभी राहिले. पण तिने नुसती मान तिरकी केली आणि थांबली, अजून ऐकायचं असल्यासारखी. मी पुन्हा म्हटलं. तिच्यासाठी पुन्हा एकदा. किती दिवसांनी माझं बोलणं कुणीतरी इतकं मन लावून ऐकत होतं.

१९ मार्च

घसा बसलाय. बँकवाल्यांचा तर आवाजच आठवडाभर पार गेलेला, खुणांनीच बोलायचे. आज ते दिसले नाहीत. रखवालदार म्हणाला, काल भाऊ न्यायला आला होता, दोघं गेले असतील. निरोपही न घेता? मला रागच आला.

रखवालदाराच्या चौकीतून लेकीला फोन केला. माझा आवाज ऐकून ती घाबरली. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी न्यायला येते म्हणाली. मी म्हटलं, आधी माझी पिल्लं बघ, मग काय ते ठरवू. आणि मोठ्या तोऱ्यात तिला सगळे नियम पढवले. तारेच्या आत शब्द काढायचा नाही. झगेवाला दाखवील तिकडे मुकाट चालायचं. शेडमधून काही आपटल्याचा आवाज आला तरी जवळ जायचं नाही, तुझं तोंड दिसलं की पिल्लू वाया गेलं. ती हसली. लहानपणी अभ्यास घ्यायचीस तशीच सांगतेयस, म्हणाली. तिच्याकडून सगळं घोकून घेतलं.

२४ मार्च

मोठी पिल्लं पलीकडच्या टोकाला सोडायला डॉक्टरीणबाई आणि रखवालदार होडीने गेले. सोमवारी परत येतील. निघताना मी कुजबुजत रखवालदाराला विचारलं, मावशी कुठल्या गावची? त्याला कळेना. या खेपेला तुम्ही आणि बँकवाले दोघंच, तिसरं कुणी नाही, म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय.

दुपारी झगे ठेवायच्या खोलीत गेले. सगळे झगे खुंटीला होते, माझासुद्धा. खिडकीतून बाहेर बघितलं तर लव्हाळ्याशी झगा उभा होता. तिकडून माझ्याकडेच बघत होता.

२६ मार्च

बँकवाल्यांची बॅग खाटेखाली आहे. चष्मासुद्धा. चष्म्याशिवाय त्यांना ताटातलं दिसत नसे.

फाटकाबाहेर झाडांच्या आड एक गाडी आहे, काचांवर धुळीचा थर. भावाचीच असणार. मग ते दोघं गेले कशाने?

गाडीपाशी उभी असतानाच लव्हाळ्यातून ते हसणं ऐकू आलं. तेच, पत्रे हादरवणारं. मी त्यांना हाक मारायला तोंड उघडलं. आवाज नाही.

२७ मार्च

आज ती अगदी जवळून गेली. झग्याला शिवण नाही. कुठेच नाही. कापडच नाही ते. आणि हातातला मोजा जिथे संपायला हवा तिथे —

आपण झगा घालतो, म्हणजे पिल्लाला वाटावं हे आपलंच माणूस. ते घाबरत नाही. मागून येतं.

मी किती दिवस तिच्यामागून चालले. किती बरं वाटायचं.

२८ मार्च

सकाळी लव्हाळ्यात मी बोलत होते. म्हणजे माझा आवाज. चिऊ, ये गं, घाबरू नकोस, मी आहे ना. पुन्हा पुन्हा. घोकल्यासारखा.

चौकीची काच फोडून फोन लावला. लेक हॅलो हॅलो करत राहिली. माझ्या तोंडून नुसतं घुर्र, घुर्र. पिल्लासारखं. कोण चावटपणा करतंय म्हणून तिने फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलला नाही.

मी पळून गेले तरी ती उद्या येणारच. माझ्यासाठी येणार. उजाडल्यापासून फाटकाशी उभी राहीन. झगा नाही, बुरखा नाही. माझं तोंड बघितलं की बस्स.

२९ मार्च, रविवार

फाटकाशीच होते. शेडमधून अशक्त पिल्लू रडायला लागलं. उपाशी असेल. दाणा टाकून लगेच परत येते म्हटलं —

शेड रिकामी. एकही पिल्लू नाही. रडणं माझ्या पाठीमागून येत होतं. मग कडी.

गाडी थांबली. चिऊ आली.

फटीतून दिसतेय. निळा ड्रेस, मी शिवलेला. तारेपाशी थांबली. पायांतले बूटसुद्धा काढले, आवाज नको म्हणून. माझी गुणाची पोर.

झगा पुढे आलाय. बोलतोय. चिऊ, ये गं. तिचं तोंड कसं फुललंय. आईचा आवाज सुधारला, असं वाटत असेल तिला.

पत्रा बडवतेय. हात सोलवटले. तिने ऐकलं! वळली, शेडकडे बघतेय, एक पाऊल —

थांबली. ओठांवर बोट ठेवलं. आठवलं तिला. सगळं बरोबर आठवलं. हसली आणि वळली —

वही-पेन्सिल जवळ आहे. हे पान फाडून फटीतून टाकते. वाऱ्याने गेलं तर जाईल तिच्याकडे.

चिऊ, ती मी नाही. मी शेडमध्ये आहे. मी शिकवलेलं सगळं विसर. ओरड. पळ. तिला पाठीवर हात ठेवू देऊ नकोस, एकदा ठेवला की इतकं बरं वाटतं की मग

ठेवला. चिऊ