लिनच्या आईचे मूनकेक

२७ सप्टें., शनि.
चीनहून पार्सल. लिनच्या आईकडून, पत्त्यात आम्हा दोघांची नावं. लिन मला आणि हे घर सोडून त्सुकुबाला राहायला गेला, हे काकूंना अजून माहीतच नाही.
आत मूनकेक. त्यांच्या पौर्णिमेच्या सणाचे, साच्यातून काढलेले, वर फुलाची नक्षी. लिन दर वर्षी म्हणायचा, तू यांच्या नादी लागू नकोस, आत डुकराची चरबी असते. यंदा डब्यावर चिकटवलंय, अ‍ॅपवरून केलेल्या जपानीत: ‘चरबी नाही, अंडं नाही. शेंगदाण्याचं तेल. आमच्या मुलीसाठी.’
चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली.
नवीन पदार्थ आधी देवापुढे, ही सवय इथे जपानात, कावासाकीतही सुटलेली नाही. एक गणपतीपुढे ठेवला, नमस्कार केला, मग तोच उभ्याउभ्या अख्खा खाल्ला, करंजी खावी तसा. पुरणपोळीतली पोळी काढून टाकली तर असं लागेल. घट्ट, टाळूला चिकटणारं. छान आहे. खूप रडले.

२८, रवि.
लिनला मेसेज: आईला सांगितलंस?
‘सण झाल्यावर. हा घरच्यांनी एकत्र बसायचा सण आहे. आत्ता सांगितलं तर तिला घास उतरायचा नाही.’
मी कोण बोलणार? मी तरी पुण्यात कुठे सांगितलंय! आज आई फोनवर, ‘६ला कोजागिरी. लिनला दूध नीट आटवून दे, नुसता मसाला टाकून मोकळी होऊ नकोस.’ हो म्हटलं. त्यांचा सण आणि आपली कोजागिरी यंदा एकाच दिवशी.

२ ऑक्टो., गुरु.
काकूंना व्हिडिओ कॉल हवाय. आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर केक कापायचा. लिन विचारतोय, तेवढ्यापुरता येऊ का?
तेवढ्यापुरता! फोन उशीखाली कोंबला. मग काढून ‘ये’ लिहिलं. आधी म्हणे लॅबपर्यंतचा रोजचा प्रवास झेपत नाही, मग म्हणे एकटं राहायचंय. त्सुकुबा काय दुसरा देश आहे?
ऑफिसात सातो-सान म्हणाल्या, डोळे लाल दिसतात. म्हटलं, सर्दी. लगेच मास्क दिला. पुढे काही विचारलं नाही.

४, शनि.
केस कापून आले. वेलदोडे, केशर आणलं. तो राहील असं वाटतंय. वेडी आहे मी, पण वाटतंय खरं.

६, सोम. कोजागिरी
आला. दारात बूट काढताना ‘ओजामाशिमास’ म्हणाला, पाहुणे म्हणतात तसं. याच दारात रोज ‘तादाइमा’ म्हणायचा, घरी आलो. तिथेच समजायला हवं होतं.
काकू नवं स्वेटर घालून बसलेल्या. लिन भाषांतर करत होता. घरात जितकी माणसं तितके तुकडे, दूर असतील त्यांचेही, आणि सगळे सारखे. आधी चाखलास का, त्यांनी विचारलं. म्हटलं, आमच्यात आधी देवाला देतात. ‘मग? देवाला साखर कमी तर नाही ना लागली?’ लिनला हे सांगताना हसू फुटलं, मलाही. दोघं अगदी पूर्वीसारखे हसलो.
‘किती कापू?’ मी विचारलं.
काकूंनी चार बोटं दाखवली. ते दोघं, आम्ही दोघं. मग पाचवं बोट हळूच वर केलं आणि तोंडावर हात ठेवून हसल्या. मागून काका काहीतरी ओरडले. लिनने याचं भाषांतर केलं नाही. मला कळलं होतं.
चारच कापले. सारखे झाले नाहीत.
कॉल संपल्यावर लिन दोन कप दूध प्यायला. मी विचारलं, ‘राहतोस?’ ‘सकाळी लॅब आहे.’ कप धुऊन पालथा घातला आणि गेला.
उरलेल्या दुधावर जाड साय आलीय.

७, मंगळ.
माझा तुकडा खाल्ला. बाकीचे तीन फ्रीजमध्ये. ऑफिसला दांडी. आईचा फोन उचलला नाही.

१०, शुक्र.
काकूंचा मेसेज, अ‍ॅपच्या जपानीत. ‘पुढच्या वर्षी कमळाच्या बियांचं सारण करू की हेच? तू सांग, लिनला सगळंच चालतं.’
लिनला फोन केला. ‘सण झाला. सांगितलंस?’
‘नाही.’ मग, ‘तूच सांगतेस का? तुझं ती ऐकून घेईल.’
फोन ठेवला. आई त्याची, आणि सांगायचं मी! शिवाय सांगितलं की काकूही गेल्या माझ्या. लिन गेल्याइतकंच ते मनाला लागतंय, आज कळलं.
‘हेच करा, काकू’ असं लिहून ठेवलंय. अजून पाठवलेलं नाही.