बालडायलिसिस कक्षाची रुग्णसंख्या एक असल्याबाबत

प्रति,
मा. विभागीय संचालक,
बाल मूत्रपिंड सेवा,
उत्तर किनारा आरोग्य मंडळ, ऑन्टारियो

अर्जदार : तौनो कांगास, बर्फ हटवणाऱ्या ट्रकचा चालक, रस्ते विभाग, केटल बे नगरपालिका

विषय : केटल बे इस्पितळातील बालडायलिसिस कक्ष ३१ मार्चपासून बंद न करण्याबाबत, व त्यासंबंधीचा नियम बदलण्याबाबत.

संदर्भ : १) आपले जानेवारीतील पत्र. २) आपल्या कार्यालयाशी फोनवर झालेली बोलणी, ज्यांची नोंद आपल्याकडे नसल्याचे पुढच्या फोनवर सांगण्यात आले.

महोदया,

१. अर्जाची भाषा ताठ वाटल्यास माफी असावी. ट्रकच्या पात्याने लोकांच्या टपालपेट्या पडतात, त्यांचे अहवाल मी वर्षानुवर्षे लिहीत आलो आहे आणि कार्यालयाशी बोलायची मला तेवढीच रीत ठाऊक आहे. माझी मुलगी हेल्मी नऊ वर्षांची आहे. तिची मूत्रपिंडे जन्मापासूनच नीट वाढली नाहीत. माझी पत्नी इर्मा हिने आपले एक तिला दिले. ते दोन हिवाळे चालले आणि मग हेल्मीच्या शरीराने ते नाकारले. तेव्हापासून तिचे रक्त इतके चोखंदळ झाले आहे की माझे मूत्रपिंड तिला चालत नाही, आणि प्रतीक्षायादीतून आजवर आलेले एकही चालले नाही. घरी पोटातून डायलिसिस करून पाहिले, पण दोनदा जंतुसंसर्ग झाल्यावर डॉक्टरांनी ती वाट बंद केली. म्हणून आठवड्यातले चार दिवस ती या कक्षातल्या मशीनवर असते.

२. आपल्या पत्रानुसार, ज्या कक्षात दोनपेक्षा कमी नियमित बालरुग्ण असतील तो चालवता येत नाही व उरलेल्या रुग्णास टोरोंटोला हलवण्यात येते. हा नियम मूर्खपणाचा आहे असे माझे म्हणणे नाही. मूत्रपिंडाच्या डॉक्टर ओकाफोर महिन्यातून एकदा टोरोंटोहून विमानाने येतात आणि बाकीचे दिवस पडद्यावरून पाहतात. त्यांनी मला तोंडावर सांगितले, "तौनो, एकाच मुलीवर नर्सचा हात बसत नाही. अडचण रोज येत नाही, पण आली की सवयीचाच हात लागतो." वर्षभर ट्रकवर न बसलेल्या माणसाला मीही वादळात रस्त्यावर पाठवणार नाही. खालच्या मजल्यावर मोठ्यांचे डायलिसिस चालते, तिथे तिला का घेत नाहीत हेही मला समजावण्यात आले आहे. मोठ्यांच्या नळ्यांत जेवढे रक्त मावते तेवढे बाहेर काढले तर हेल्मीच्या अंगात पुरेसे उरणार नाही. सगळे बरोबर आहे. दुसऱ्या बाजूला काय आहे एवढेच नोंदवतो. टोरोंटोला गाडीने जायला एक दिवस आणि वर अर्धी रात्र लागते. आमच्यापैकी एकाला हेल्मीबरोबर तिथे भाड्याच्या खोलीत राहावे लागेल आणि दुसऱ्याला इथे नोकरी धरून. मूत्रपिंड कधी मिळेल ते कोणीच सांगू शकत नाही. तोवर आम्ही फोनवरचे कुटुंब होऊन राहू. हे मला सहन होणार नाही, असे मी येथे स्पष्ट लिहितो, कारण तोंडाने मला ते इर्मापाशीही म्हणता आलेले नाही.

३. रुग्णसंख्या एक कशी झाली तेही सांगणे आवश्यक आहे. आम्ही आलो तेव्हा कक्षात चार खुर्च्या होत्या आणि चारही भरलेल्या. मार्सेलला त्याच्या मामाने मूत्रपिंड दिले. ब्रियानाला यादीतून मिळाले. टाय अठरा वर्षांचा झाला आणि खालच्या मजल्यावर गेला. तिथे तो सगळ्यांचा नातू आहे आणि म्हातारे त्याला मासेमारीच्या थापा ऐकवतात. प्रत्येक वेळी केक कापला गेला व आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी कक्ष बंद व्हायला येईल हे कोणाच्या ध्यानात आले नाही. नर्स ओडेट म्हणते, "आमचं काम चांगलं झालं की आम्हीच बेकार. असला धंदा कुठं पाहिलायस?" पालकांच्या खोलीत कॉफीचे मोठे भांडे आहे. त्यात आता मी एकट्यापुरते पाणी घालतो, आणि ते तळाशीच उकळून जाते. गेलेल्या मुलांचे आईवडील फोन करत नाहीत. मीही करत नाही. त्यांना ही खोली विसरायची आहे, आणि त्यांच्या जागी मीही विसरलो असतो.

हेल्मी पूर्वी चौघांत पत्ते खेळायची. आता ती दोन डाव वाटते, एक स्वतःला आणि एक मशीनला. "त्याला हात नाहीत ना बाबा, म्हणून त्याचे पत्ते मीच बघते. पण बघून लगेच विसरते," असे तिने मला समजावून सांगितले. गेल्या आठवड्यात तिने तक्रार केली की मशीन लबाडी करते. मी हसलो आणि कॉफी आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो. बाहेर जाऊन मी काय केले ते या अर्जाच्या कक्षेत येत नाही.

४. संख्या दोन करण्यासाठी अर्जदाराने आपल्या परीने प्रयत्न केलेले आहेत. प्रथम स्वतःचे नाव नोंदवावे असे सुचवले. आपल्या कार्यालयातील बाईंनी विचारले, "वय काय तुमचं, मिस्टर कांगास?" मी सत्तेचाळीस सांगितले. "मग बालरुग्ण नाही होता येणार तुम्हाला." मग त्यांनी विचारले, "आणि किडन्या कशा आहेत?" मी म्हणालो, उत्तम. "मग तर मुळीच नाही." त्या चेष्टा करत नव्हत्या. आवाज मऊ होता आणि त्यांनी फोन लगेच ठेवला नाही. नंतर मी असे सुचवले की हेल्मी चार दिवस येते, तर दोन-दोन दिवसांच्या दोन हेल्मी धराव्यात. यावर उत्तर आलेले नाही. टाय तर गुरुवारपुरता पुन्हा लहान व्हायला तयार होता, पण ओडेटने ते मोडून काढले. म्हणाली, "पोराला आत्ता कुठं दाढी फुटलीय. राहू दे त्याला मोठा."

५. आपल्या पत्राची शेवटची ओळ अशी आहे की, मुदतीपूर्वी दुसऱ्या बालरुग्णाची नोंद झाल्यास निर्णयाचा फेरविचार केला जाईल. या ओळीचे एखाद्या बापाने काय करायचे, याचा खुलासा पत्रात नाही. मी काय केले ते सांगतो. शाळेपाशी मुले रस्ता ओलांडतात तेव्हा मी ट्रक थांबवतो. फेब्रुवारीत एका मुलाचे डोळे मला सुजलेले दिसले. हेल्मीचे पहिल्यांदा तसेच दिसले होते. मी त्याच्याकडे पुन्हा निरखून पाहिले. काळजीने पाहिले असे मला लिहिता आले असते, पण तसे नव्हते. तो नुसता झोपेतून उठून आला होता. रविवारी चर्चमध्ये इर्माने विचारले, "काय मागितलंस?"

मी म्हणालो, "काही नाही."

"मीपण नाही," ती म्हणाली, आणि आम्ही गाडीत बसलो.

६. अर्ज इथवर लिहून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला असता ओडेटचा फोन आला. "तौनो, दुसरं पोर आलंय. चार वर्षांचा मुलगा आहे. उत्तरेकडून विमानानं आणलाय. तुला आधी सांगावंसं वाटलं." मी इर्माला सांगितले. तिने फ्रीझरमधला वेलदोड्याचा गोड पाव काढला, जो आम्ही नाताळला आणि वाढदिवसालाच खातो. तो गरम केला, कॉफी केली, आणि आम्ही समोरासमोर बसून खाल्ला. कित्येक महिन्यांत मला अन्नाची चव लागली नव्हती, त्या दिवशी लागली. मी शीळही घातली असे इर्मा म्हणते. अर्धा पाव संपल्यावर तिने सुरी खाली ठेवली. "तौनो, हे आपण कशाचं खातोय?" तिने विचारले. उरलेला पाव आम्ही झाकून ठेवला.

७. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या आईला पाहिले. जिथे रस्ता पोचत नाही अशा तळ्याकाठच्या वस्तीतून त्या आल्या आहेत. पालकांच्या खोलीत त्या अंगातला कोट न काढता बसल्या होत्या, जणू कोणी आता हाक मारील आणि निघायचे असेल. मी भांड्यात दोघांपुरते पाणी घातले. त्या म्हणाल्या, "तुम्ही इथले जुने दिसताय. साधारण कधी घरी जाता येतं?"

मी म्हणालो, "लवकर जाल."

हे वाक्य मी या खोलीत अनेकांना म्हटले आहे आणि प्रत्येक वेळी मनापासून म्हटले आहे. या वेळी मनात दुसरेच चालू होते. हा मुलगा लवकर गेला तर आम्ही पुन्हा एक. त्या बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि आभार मानले. मला तो सोडवून घेता आला नाही.

८. नियमानुसार आता रुग्णसंख्या दोन आहे, व पुढील आढाव्यापर्यंत कक्ष सुरू राहील असे फोनवर कळवण्यात आले आहे. विषयाचा पहिला भाग त्यामुळे निकाली निघतो. तरीही हा अर्ज दप्तरी दाखल करून बाजूला ठेवू नये. किमान रुग्णसंख्या एक धरावी. नर्सांचा हात बसावा म्हणून त्यांना आळीपाळीने टोरोंटोला सरावाला पाठवावे. असे करता येईल असे डॉ. ओकाफोर यांचेही मत आहे. आणि सदर मुलास मूत्रपिंड मिळावे, तो बरा होऊन आपल्या गावी जावा, अशी इच्छा अर्जदारास मनापासून करता येईल, अशी व्यवस्था मंडळाने करावी. सध्या ती करता येत नाही. मी रोज प्रयत्न करतो.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,

तौनो कांगास
केटल बे, १२ मार्च

सोबत : आपल्या जानेवारीतील पत्राची प्रत, शेवटची ओळ अधोरेखित करून.

प्रत माहितीसाठी : कृपया कोणासही पाठवू नये. कक्षातील फलकावर तर मुळीच लावू नये. त्या मुलाची आई वेळ जावा म्हणून तिथला प्रत्येक कागद वाचते.