कूलर नावाची सवत

प्रिय माया,

मी जळून राहिलो. सरळच सांगतो, कारण तुझ्यापुढं आडपडदा ठेवायला गेलो की मी तोंडावर पडतो. पुरुषाला सवत नसते म्हणतात. मला आहे. तेलाचा रिकामा पिपा, बाजूंना जाळी, आत इवलासा पंप आणि पुढं पंखा. तुझ्या चौथीच्या पोरांनी केलेला तो कूलर. अकोल्याच्या उन्हानं ह्याचं डोकं फिरलं, असं तू म्हणशील. म्हण. आज मी बोलणारच.

दिवाळीत आपण एकाच टेबलावर बसून त्या संस्थेचे अर्ज लिहिले होते. प्राथमिक शाळेतल्या मुलांनी हातांनी काही करून शिकावं, म्हणून छोटंसं अनुदान. मी चार पानं भरली. सर्वांगीण विकास, सर्जनशीलता, कृतियुक्त अध्ययन, एक शब्द सोडला नाही. तू दहा-बारा ओळी लिहिल्यास, की मार्च लागला की आमच्या वर्गात बसवत नाही, वरचा पत्रा तापतो, तर मुलांना कूलर करायचा आहे आणि ती तो स्वतः करतील. मी वाचून हसलो होतो. अगं, यात उद्दिष्टं कुठं आहेत, असंही म्हणालो होतो. जानेवारीत तुला अनुदान मिळालं आणि मला पुढील वाटचालीस शुभेच्छा मिळाल्या. मी पेढे आणले, आईसमोर तुझं तोंड भरून कौतुक केलं, आणि मग पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन नुसता उभा राहिलो. अमरावतीला डी.एड.ला होतो तेव्हा तू माझी पाठटाचणं मागून नेत होतीस. सरावपाठांत पहिला नंबर माझा असायचा. ओट्याजवळ उभा राहून मी हेच घोकत होतो. काय करणार, माणूस आहे.

तेव्हापासून आपल्या फोनवरच्या बोलण्यात तिसरं कोणी शिरलं. जेवलास का, आईची गोळी आणली का, इथपर्यंत तू माझी असायचीस, आणि मग कूलर. पोरांनी जाळीत आधी गोणपाट लावलं, त्याला वास सुटला. मग शकुन नावाच्या तुझ्या त्या आगाऊ पोरीनं घरून कापूस आणला, तो भिजून गोळा झाला आणि हवाच अडली. कापसाच्या मुलखात कापूसच नापास, म्हणून तू किती हसलीस! शेवटी बाजारातलं लाकडी गवत आणलं, तरी शकुन म्हणाली, मॅडम, हवा गरमच येऊन राह्यली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की कूलरची पाठ खिडकीकडं पाहिजे, बाहेरची कोरडी हवा आत आली पाहिजे. हे तू मला असं सांगितलंस, जसं काही मी आयुष्यात कूलर बघितलाच नाही. मी अकोल्यात जन्मलो, माया! पण मी वा वा म्हणालो. फोन ठेवला आणि घरच्या कूलरला एक लाथ घातली. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

माझ्या वर्गातही मी तुझी फुशारकी मारली. आमच्या घरात असं आहे बरं का, म्हणून. तर एक पोरगं उठून विचारतं, सर, आपण कवा करणार? मी त्यांना कूलरचं चित्र काढायला लावलं. चित्रं छान काढली त्यांनी. मला मात्र घास गोड लागला नाही त्या दिवशी.

इथवर ठीक होतं. नवरा-बायको एकाच धंद्यात असले की थोडी ठिणगी उडायचीच. पण मग बदल्यांची यादी आली. पाच वर्षं आपण पती-पत्नी एकत्रीकरणासाठी अर्ज करत आलो. पाच वर्षं तू शनिवारी एस.टी.नं यायचीस आणि सोमवारी पहाटे जायचीस. यंदा तुझं नाव लागलं, शाळा घरापासून अर्ध्या तासावर. मी नाचत तुला फोन केला. आई शेजारच्या सत्यभामाकाकूंना सांगूनही आली की आता सून घरी राहणार. आणि तू म्हणालीस, बघू. नकार कळवायची मुदत आहे ना अजून, बघू. कूलर अजून दोन रांगांपुरतीच हवा देतो, पोरांना दुसरा करायचा आहे, पाचवीही त्याच शाळेत आहे, पावसाळ्यात त्यांनी आणखी काही ठरवलं आहे. बघू! माझ्या पाच वर्षांच्या वाट पाहण्यापुढं तू तेलाचा पिपा ठेवलास. दुसऱ्या माणसापायी असं म्हणाली असतीस, तर चार माणसांत तुझं वाईट तरी बोलता आलं असतं. चौथीतल्या पोरांबद्दल मी कुणाकडं तक्रार करू?

म्हणून गुरुवारी रजा टाकली आणि तेल्हाऱ्याची एस.टी. धरली. तुला सांगितलं नाही. वाटभर मनात भाषण तयार करत होतो. आईचं वय, बायकोविना घर, लोक काय म्हणतात, सगळे मुद्दे क्रमानं. पुढं ऑटोनं तुझ्या गावात उतरलो, तेव्हा सकाळची शाळा सुटायला आली होती. तुझ्या वर्गाच्या मागच्या खिडकीशी आलो. आत तू जमिनीवर मांडी घालून बसली होतीस, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत काळे. पंप अडकला होता वाटतं. तू बोट घालायला गेलीस तर ती शकुन ओरडली, मॅडम, हात नोका लावू, तुमी बिघडवता. सगळा वर्ग खिदळला. आणि तू हसलीस. माया, ते हसणं मी ओळखलंच नाही आधी. डोळ्यांत पाणी येईस्तोवर, मान मागं टाकून. आपल्या घरात रविवारी तू झोप काढतेस, वह्या तपासतेस, आईचं डोकं चेपून देतेस, माझ्याशी नीट बोलतेस. सगळं करतेस. तसं हसत नाहीस.

मला वाटलं, आत जावं आणि तो पिपा उचलून विहिरीत टाकावा. खरंच वाटलं. खिडकीचे गज मी धरून होतो. मग पंप चालू झाला, पोरांनी गलका केला, कूलरच्या पाठच्या जाळीतून उडालेला पाण्याचा गार शिंतोडा आणि लाकडी गवताचा वास माझ्या तोंडावर आला, आणि माझं भाषण कुठल्या कुठं गेलं. तुला हाक न मारता मी आलो तसा परत फिरलो. घरी आई दारातच बसली होती. म्हणाली, सुनेले आणाले गेलता, अन् हात हालवत आला? काहून रे? मी म्हणालो, तिथं ती सुखात आहे. आईनं उठून पाण्याचा तांब्या पुढं केला. मग म्हणाली, मंग तू काहून तोंड पाडून बसला? तूबी जा ना तिथं, कोन नाही म्हन्ते?

ते डोक्यात राहिलं. शुक्रवारी पंचायत समितीत जाऊन तिथल्या किशोरभाऊंना विचारलं, की माझीच बदली तुझ्याकडं मागितली तर? ते म्हणाले, सर, उन्हात फिरले का? लोक खेड्यातून अकोल्याला याले देव पाण्यात ठेवतात. पण होतं म्हणे. तुझ्या शाळेत तिसरीची जागा रिकामी आहे. आई यायला तयार आहे, तिला फक्त दवाखाना कुठं आहे ते बघायचं आहे. अर्ज मी लिहून ठेवला आहे, दिलेला नाही. कारण खिडकीशी उभा असताना माझ्या पोटात जे जळत होतं, ते अनुदानाचं नव्हतं आणि पोरांचंही नव्हतं. तू माझ्यावाचून इतकी आनंदात असू शकतेस, हे मला माहीतच नव्हतं, आणि मला भीती वाटली. मी तिथं आलो तर तुझं ते हसणं राहील का? की घरातली माया शाळेतही येऊन बसेल? फोनवर विचारलं असतं तर मला वाईट वाटू नये म्हणून तू लगेच ये म्हणाली असतीस. तुला ओळखतो मी. पत्राला उत्तर द्यायला दोन-चार दिवस लागतात. ते दिवस घे, आणि मला खरं सांग, की मी तिथं तुला हवा आहे का. नको म्हणालीस तर तू पूर्वीसारखी शनिवारी ये, मी रविवारची भाजी आणून ठेवीन, आणि कूलरचं काय झालं तेही विचारीन.

तुझाच, आणि अजूनही जळणारा,
नागसेन