ढेरपोट्या फुटेपर्यंतची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, निवृत्त खगोलशास्त्रज्ञ, लग्न न केलेली व त्याबद्दल तक्रार नसलेली, डोके ठिकाणावर असताना आणि सकाळचा चहा घेऊन हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. वहिनी खुर्चीमागे उभी राहून वाचते आहे, पण ते नेहमीचेच आहे.

१. घर अर्धे माझे, अर्धे माझ्या दिवंगत भावाचे, म्हणजे वहिनीचे. माझे अर्धेही तिलाच. बँकेतली शिल्लक तिच्या मुलीला. हत्यारे माझ्या जुन्या संस्थेच्या वर्कशॉपमधल्या लेथवाल्या मामांना. मोठा पाना त्यांनी आधीच नेला आहे. तो आज दिला असे समजावे.

२. जन्मभर मी राक्षसी ताऱ्यांचा अभ्यास केला. हे तारे सूर्याच्या कितीतरी पट जड आणि तितकेच उधळे: अंगचे वस्तुमान वाऱ्यावर सोडतात आणि ऐन उमेदीत स्फोट होऊन संपतात. त्यातला ढेरपोट्या माझा लाडका. तो माझ्या हयातीत फुटेल, असे मी भर परिषदेत बोलून बसले. सहकारी मिशीवाले म्हणाले, "फुटला तर मिशी उतरवीन." तेव्हापासून तारा ढिम्म आहे आणि मिशी वाढते आहे.

३. ताऱ्याचा प्रकाश रंगारंगांत उलगडून दाखवणारा वर्णपटमापक मी स्वतः बनवला. संस्थेने भंगारात काढल्यावर रीतसर घरी आणला आणि गच्चीवरच्या दुर्बिणीला जोडला. मिशीवाल्यांना तो संस्थेत काचेच्या कपाटात ठेवायचा आहे. नुसत्या कल्पनेने माझा जीव तुटतो. यंत्राला आकाश दिसलेच पाहिजे. म्हणून दुर्बिणीसकट ते वहिनीला.

४. याच वहिनीने दुर्बिणीचा आरसा भांड्यांच्या पावडरने घासला होता. त्या आरशावर धूळ चालते, फडके चालत नाही, हे आमच्या धंद्यात शेंबडे पोरही सांगेल. "अहो वन्सं, आरसा म्हणता आणि तोंड धड दिसेना!" असे वर मलाच सुनावले. नवा मुलामा चढेपर्यंत मी तिच्याशी अबोला धरला. पण माझे गुडघे गेल्यापासून तीच वर जाते, ढेरपोट्या बघते आणि "आहे हो जागेवर!" असे जिन्यातून ओरडते. तिच्याइतके माझे कोणी नाही. यंत्रात तिच्या कुकरची रिंग बसवलेली आहे. "माझीच रिंग मला वारशात?" हा तिचा आक्षेप नोंदवला आहे.

५. वरील पैजेत "माझी हयात" आहे तिथे यापुढे "वहिनीची हयात" वाचावे. खाली सही करणाऱ्या सर्वांना हे मान्य आहे.

साक्षीदार म्हणून सही करायला वहिनीच निघाली होती. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकील म्हणतात, म्हणून तिला खाली बसवले आणि मिशीवाल्यांना बोलावणे धाडले. पाचवे कलम वाचून तिने डोळ्यांना फडके लावले. मग म्हणाली, "वन्सं, ती मिशी उतरल्याशिवाय मी काही जायची नाही."

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: स्टँपवरचा. आकाश निरभ्र.
सही: वन्सं.

साक्षीदार पहिले: समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर. सगळे वाचून, हसू दाबून सही केली.

साक्षीदार दुसरे: मिशीवाले. "मला काय ठेवलंयस गं?" असे विचारत, चष्मा घरी विसरल्यामुळे बोट दाखवले तिथे सही केली.