मजीद परकार यांचा पराभव आणि माझी मिळकत

मी, सुरय्या मजीद परकार, वय ६१, मूळ राहणार हर्णै, तालुका दापोली, हल्ली मुक्काम अल रय्यान, कतार, व्यवसाय शिक्षिका, हा कागद स्वतःच्या अक्षरात, कुणी मागे न लागता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तक्रार हृदयाची आहे आणि येत्या रविवारी माझी बायपास ठरली आहे. इन्शाल्ला, मी उठेन. न उठल्यास पुढीलप्रमाणे करावे.

१. हर्णैचं घर आणि नारळाची वाडी शरियतप्रमाणे वारसांत वाटली जाईल. त्यात मी तोंड घालत नाही. मृत्युपत्राने मला फक्त एक तृतीयांश मिळकत देता येते, आणि तीही वारसांना नाही.

२. माझे पती मजीद हे वारस आहेत. सबब या कागदाने त्यांना काही देता येत नाही, म्हणून फक्त सूचना देते. रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर घ्यावी. सुका जवळा फ्रिजमध्ये उघडा ठेवू नये. आणि समोरच्या फ्लॅटमधल्या अरुणकुमार मगदूम यांच्याशी पुन्हा भांडू नये.

ही तिसरी सूचना का लिहावी लागली, ते आमच्या मुलांना कळावं म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या शाळेत अमेरिकन अभ्यासक्रम आहे. २०२४च्या नोव्हेंबरात आठवीला अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक शिकवायची होती. वर्गात अकरा देशांची मुलं. प्रिन्सिपॉल गजेंद्र सर म्हणाले, "मॅडम, शिकवा, पण चेहरा नको, झेंडा नको, पक्ष नको." मी म्हटलं, "मग उरलं काय?" ते म्हणाले, "ते तुम्ही बघा."

उरला आवाज. मी दोन काल्पनिक उमेदवार तयार केले, त्यांची इंग्रजी भाषणं लिहिली आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायची ठरवली. पहिला आवाज अरुणकुमारांचा. ते कोल्हापूरचे, बँकेत आयटीला, आणि बोलायला लागले की रेडिओ लावल्यासारखं वाटतं. दुसरा आवाज मजीदचा. हे हमद पोर्टवर क्रेन चालवतात. तीस वर्षं वॉकीटॉकीवर बोलून यांना प्रत्येक वाक्यानंतर "ओव्हर" म्हणायची सवय लागली आहे.

अरुणकुमारांनी भाषण असं वाचलं की मलाच मत द्यावंसं वाटलं. मजीदचा चष्मा गाडीत राहिला होता. चौथा मजला उतरायचा कंटाळा, म्हणून यांनी मनानेच ठोकलं. टॅक्सबद्दल मी विचारल्यावर म्हणाले, "आय डोन्ट नो. आय विल आस्क अँड टेल यू. ओव्हर." मला पुन्हा रेकॉर्ड करायचं होतं, पण यांची कंपनीची बस आली.

दुसऱ्या दिवशी एकतीस मुलांनी डोळे मिटून दोन्ही भाषणं ऐकली आणि चिठ्ठ्या टाकल्या. मजीदना एकोणीस, अरुणकुमारांना बारा. मी खुर्चीत बसले. इनाया नावाची मुलगी उभी राहून इंग्रजीत म्हणाली, त्याचा अर्थ असा, "मिस, याला माहीत नाही, हे हा सांगतो तरी. आम्हाला असं कुणीच सांगत नाही."

पण अमेरिकेत मतं राज्यांप्रमाणे मोजतात. मी वर्गाची पाच राज्यं केली होती. जो राज्य जिंकेल त्याला त्या राज्याची सगळी मतं. अरुणकुमार तीन राज्यांत जिंकले, मजीद दोन राज्यांत सगळी मतं घेऊन गेले. अरुणकुमार अठरा, मजीद तेरा. अध्यक्ष अरुणकुमार!

वर्गात दंगा झाला तो मी शिट्टीने थांबवला. घरातला थांबेना.

"मतं मला जास्त आणि प्रेसिडेंट तो?" मजीद म्हणाले. "हा कुठला कायदा?"

तेवढ्यात अरुणकुमार पेढे घेऊन आले. "मजीदभाई, नियम म्हणजे नियम."

"पेढे परत ने. बारा मतांचे पेढे मी खात नाही."

मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. दहा महिने गेले. वीस वर्षं एका गाडीतून भाजीला जाणारे हे दोघे लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे. मी वर्गासाठी आणखी एक रेकॉर्डिंग केलं होतं, हरलेल्या उमेदवाराने जिंकलेल्याला स्वतः फोन करून अभिनंदन कसं करावं, याचं. ते मी जेवताना मोठ्याने लावायची. मजीद टीव्हीचा आवाज वाढवायचे.

या तीन सप्टेंबरला मी रजेवर होते; सकाळी दहाला आमच्याच इमारतीच्या जिन्यात माझ्या छातीत कळ आली. मजीद क्रेनवर, फोन खाली लॉकरमध्ये. अरुणकुमार घरून काम करत होते. माझी हाक ऐकून अनवाणीच धावले आणि मला गाडीत घातलं.

"भाभी, झोपू नका. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. त्या राज्यांच्या मतांचं सांगा."

मी हॉस्पिटल येईपर्यंत सांगत राहिले. दारात गाडी थांबवून ते म्हणाले, "म्हणजे भाभी, पोरांना मजीदभाईच पसंत होते?"

"हो."

"मग मी दहा महिने कशावर छाती फुगवतोय?"

मजीद हेल्मेट घालूनच आले. पडद्याच्या फटीतून मला दोघे दिसत होते. मध्ये एक रिकामी खुर्ची. मग मजीदनी खिशातून फोन काढला. अरुणकुमारांचा फोन वाजला.

"हॅलो?"

"मजीद बोलतोय. अभिनंदन."

"कशाचं?"

"नोव्हेंबरचं."

अरुणकुमार रिकाम्या खुर्चीवर सरकले आणि दोघे एवढ्या मोठ्याने रडले की नर्सने "खलास, खलास", म्हणजे अरबीत "पुरे, पुरे", म्हणत त्यांना बाहेर काढलं. आजारी मी, आणि पाणी त्यांना पाजत होते.

३. तिन्ही रेकॉर्डिंग्ज आणि मोबाइलला लावायचा माझा छोटा माइक माझ्या जागी येणाऱ्या जिया मॅडमना. अट एकच: नवऱ्याला उमेदवारी देऊ नये.

४. एकतीस चिठ्ठ्यांचा डबा इनायाला. तिला तीनदा मोजूनही पटलं नव्हतं. आणखी मोजू दे.

५. बिर्याणीचं मोठं पातेलं अरुणकुमारांच्या पत्नी मीना यांना. ही देणगी नव्हे, ते त्यांचंच आहे. भांडणाच्या काळात आम्ही दोघींनी त्यातून बिर्याणी आणि तांबडा रस्सा इकडून तिकडे केला, आणि दोन्ही उमेदवार निमूट जेवले.

६. शेवटचं. मी बावीस वर्षं निवडणूक शिकवली, पण स्वतः कधी मत दिलेलं नाही. गावी निवडणूक झाली तेव्हा वयात बसत नव्हते, वयात बसले तेव्हा लग्न होऊन विमानात बसले. मजीदचंही तसंच. काल मी दोघांचे परदेशातल्या मतदारांचे फॉर्म भरले. मत द्यायला हर्णैला जावं लागतं. मी बरी झाले तर दोघे जाऊ. नसेन तर मजीदनी एकट्याने जावं, रांगेत उभं राहावं, पुढे घुसू नये. आणि कुणाला मत दिलं ते कुणालाही सांगू नये. माझ्या कबरीपाशी येऊनसुद्धा नाही. मी विचारणार नाही.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवला व खाली सही केली. वाचताना मजीद स्वयंपाकघरात होते, पण सगळं ऐकत होते.

सही: सुरय्या मजीद परकार

साक्षीदार:
१. अरुणकुमार मगदूम (साक्षीदार असल्याने यांना काही दिलेलं नाही. ते म्हणाले, चालेल.)
२. गजेंद्र सावर्डेकर, प्रिन्सिपॉल

स्थळ: अल रय्यान
दिनांक: १८ सप्टेंबर २०२५, गुरुवार