चौदा टाक्यांचे पत्ते

सोमवार, ३ नोव्हेंबर
आज डबा आला! मुरबाडच्या आमच्या तेलाच्या कारखान्यात एवढ्या थाटात बहुतेक नवरीही उतरली नसेल. चौदा टाक्या, प्रत्येकीवर तेलाची उंची मोजणारं एक यंत्र, आणि सगळ्यांची मापं या एका डब्यात. प्रत्येक माप आपल्या ठराविक नंबराच्या पत्त्यावर येऊन बसतं. कुठल्या पत्त्यावर काय, त्याचा तक्ता मी करायचा. मी! सापगावची नम्रता!

जमलं की जयरामदादांचं शिडी चढणं बंद. रोज दोन वेळा चौदा शिड्या, हातात वजन लावलेली टेप; ती टाकीत सोडून तेल मोजायचं, त्याला इथे 'डीप' म्हणतात. गुडघा सुजलेला असतो. मागच्या आठवड्यात एका पायरीवरून घसरले आणि वर मलाच म्हणाले, "कुणाला सांगू नको गो."

मंगळवार, ४ नोव्हेंबर
फजिती! स्क्रीन म्हणते, सगळ्या टाक्यांत एकतीस मिलिमीटर तेल. एखाद्या ठिकाणी बत्तीस. दादा टेप पुसत उतरले. "पाच मीटर भरलीय पोरी! एकतीसमधी माजी टाच पन नाय बुडायची."

सगळे हसले. मी पण हसले, मग बाथरूममध्ये जाऊन थोडी रडले.

जेवताना डोक्यात उजेड पडला. एकतीस म्हणजे तापमान! प्रत्येक टाकीचं आधी माप, त्याच्या पुढच्या पत्त्यावर तापमान. डब्यासोबतच्या पुस्तकात पत्त्यांची मोजणी एकापासून, डब्यात शून्यापासून. म्हणजे मी सगळीकडे एक पाऊल पुढे, शेजाऱ्याचं दार वाजवत होते. जेवणाचा डबा तसाच हातात धरून पळाले. भाजीचा रस ओढणीवर.

बुधवार, ५ नोव्हेंबर
बारा जुळल्या! दादांची टेप आणि माझी स्क्रीन, दोन-तीन मिलिमीटरचा फरक. फक्त सात आणि आठ हट्टाला पेटल्यात. मॅनेजर शेखरसरांनी पाठ थोपटली. "शनिवारपर्यंत चौदाच्या चौदा जुळव. मग डीपवाला लागणारच नाही."

दादा तिथेच उभे होते. चहा अर्धा टाकून गेले.

मी त्यांचा गुडघा वाचवायला निघाले होते. नोकरीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत त्यांच्या. कसली हुशार मी!

गुरुवार, ६ नोव्हेंबर
सात-आठच्या वायरी तपासल्या. ठीक. यंत्रं तपासली. ठीक. कारखान्याचा नकाशा पाठ झाला. दादांना विचारलं, तर "मला काय कळतं त्यातलं" म्हणाले. असं तुटक कधी बोलत नाहीत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
काय दिवस होता!

दुपारी दादा स्वतःहून आले. खाली बसले, गुडघा चोळत. म्हणाले, "नकाशातली सात ती आमची आठ हाय गो. अन् आठ ती सात."

झालं होतं असं. बारा वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या दिवशी रंगाऱ्याने सात-आठचे आकडे एकमेकींच्या टाकीवर काढले. चूक कळली तोवर पूजा आटोपली होती. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, झेंडूची माळ चढली. पूजा झालेला आकडा पुसायचा कुणी? तेव्हाच्या साहेबांनीही हात जोडले. तेव्हापासून रंगवलेला आकडा खरा, नकाशा खोटा. सगळ्यांना माहीत, म्हणून कुणी सांगितलंच नाही!

"मग परवाच का नाही सांगितलंत?"

दादा जमिनीकडे बघत म्हणाले, "खोटं नाय बोलत. दोन दिस मुद्दाम गप व्हतो. म्हटलं नाय जुळलं तर माजं काम ऱ्हाईल. पन तुजं तोंड बघवंना."

तक्त्यात दोन पत्ते अदलाबदल केले. दोन मिनिटांचं काम. चौदाच्या चौदा! आनंद झाला, खूप झाला, आणि त्याच वेळी दादांकडे बघायची लाज वाटली.

शनिवार, ८ नोव्हेंबर
सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं, दादा दोन दिवस गप्प होते ते सोडून. ते या वहीतच राहील. म्हटलं, "सर, नकाशात नाही असं अजून किती आहे ते फक्त दादांना माहीत. तीन नंबरचा तळ खचलाय, अकरा नंबरची झडप उलटी फिरते. त्यांना घरी पाठवलंत तर स्क्रीन बरोबर दाखवते की चूक, हे कळणार कुणाला?"

सर पेन आपटत बसले. मग म्हणाले, "बघू." सरांचं 'बघू' म्हणजे काय, ते त्यांच्या बायकोलाही कळत नसेल.

रविवार, ९ नोव्हेंबर
भात झोडला दिवसभर. हात सोलले. लक्ष मुरबाडला.

सोमवार, १० नोव्हेंबर
सरांच्या 'बघू'चा अर्थ कळला. दादा स्क्रीनसमोर, खुर्चीत! पडताळणीला आठवड्यातून एक डीप ठेवलीय. ती माझी. टेप घेऊन सात नंबरवर चढले, वाऱ्याने ओढणी तोंडावर. वरून ओरडले, "चार हजार एकशे बारा!"

खालून आवाज आला, "बराबर हाय गो! आता सावकाश उतर."