सव्वा महिन्याचं माहेर

२८ नोव्हेंबर १९९६, गुरुवार
कारखान्याने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. अकरा महिने कोरेच गेले. आता लिहिण्यासारखं घडणार आहे. सुप्रिया उद्या बाळंतपणाला येते. विहीणबाई सारजाबाई म्हणत होत्या, रंगूबाई आता न्हाईत, पोरगीला काटेवाडीतच राहू द्या, आमी करतो सगळं. मी ठणकावलं, आई गेली म्हणून माहेर संपत नसतं. सव्वा महिना लेक इथं भवानीनगरात राहील. जावई मल्हार गप्प बसला. पटलं असणार.

रंगूला जाऊन दीड वर्ष झालं. बाळंतपण मी कधी केलं नाही, पण रिटायर होईपर्यंत बत्तीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळलाय. एकदाही स्टीमचा दाब पडू दिला नाही. (चौऱ्याहत्तर साल सोडून.)

३० नोव्हेंबर
आतली खोली तयार. खिडकीला बारदान, त्यावर खताच्या पिशवीचं प्लॅस्टिक, चारी बाजूंनी खिळे. दाराखालच्या फटीत सुतळी. कौलांतून जिथे जिथे उजेड दिसत होता तिथे चिंध्या. मधोमध कंदील धरून बघितला, ज्योत हलली नाही. बाळंतिणीला वारं लागता कामा नये. बॉयलरला हवा लागते, बाळंतिणीला नाही. हा फरक कळायला अनुभव लागतो. वेल्डरकडून खास शेगडी करून घेतली, बाजेखाली बरोब्बर बसते.

९ डिसेंबर, सोमवार
काल बारामतीच्या दवाखान्यात नात झाली. दोन किलो आठशे. नाक रंगूचं. बारसं होईपर्यंत छकुली म्हणायचं. जिन्यात उभा राहून रडलो. कोणी बघितलं नाही. मल्हार, दोन सिस्टर आणि चहावाला सोडून.

१२ डिसेंबर
काल मायलेकी घरी आल्या. न्हाऊ घालायला शेजारची कुशाबाई. चाळीस वर्षं गल्लीतल्या बाळंतिणी करते, पण पद्धत अगदी जुनी. कोळसा अंगणात फुलवायचा, धूर जाऊन निखारे लाल झाले की शेगडी आत, दहा मिनिटं शेक, की लगेच बाहेर. दारही अर्धं उघडं. म्हणे, भिमराव, इस्तवालाबी माणसागत श्वास लागतूय. मला सांगते! मी तिला भट्टीला खालून हवा किती, वरून किती, सगळं समजावलं. ती तंबाखू मळत होती.

ठरवलं : शेगडी दिवसभर आतच. एकसारखं तापमान. सायंटिफिक.

१४ डिसेंबर
लॉगबुक सुरू केलं. थर्मामीटर खुंटीला. सकाळी ६ : २६ अंश. ८ : २९. १० : ३१. उत्तम.
सुप्रियाचं डोकं दुखतंय. बाळंतपणात दुखतं. दुपारी अंगणात येऊन बसली, अर्ध्या तासात थांबलं. म्हणजे दुखणं तसं खरं नव्हतंच. परत आत पाठवली.
आकडे लिहिताना माझंही डोकं धरलं. चहा कमी पडतोय. उद्यापासून चार कप.

१६ डिसेंबर
सुप्रियाला उलटी झाली. आबा, खिडकी उघडा की जरा, गुदमरल्यागत होतंय, म्हणाली. मी सांगितलं, तुझ्या वेळी आईला वारं लागलं, सांधे जन्मभर दुखत राहिले. तेव्हा मी सकाळच्या पाळीला कारखान्यात होतो, काही करता आलं नाही. आता करतोय. ती भिंतीकडे तोंड करून निजली. गाल लाल दिसत होते. तब्येत भरतेय.
कुशाबाईला तेल लावता लावता अंधारी आली. बाहेर ओट्यावर जाऊन बसली. वय झालं. दुसरी बाई बघावी का?

१८ डिसेंबर
कडाक्याची थंडी. शेगडीत दुप्पट कोळसा. छकुली आता रडत नाही, नुसती झोपते. शहाणं बाळ. कुशाबाई म्हणाली, लेकरू न रडणं चांगलं न्हवं, भिमराव. म्हातारीला कोणाचं चांगलं बघवत नाही. बारशाला सारजाबाई आल्या की हे लॉगबुकच त्यांच्या हातात द्यायचं.

१९ डिसेंबर
आज लिहीत नाही.

२० डिसेंबर, बारामती. दवाखान्याची गॅलरी
लिहितो. काल सकाळी पाळी बदलायच्या वेळी कारखान्याच्या गेटवर गेलो होतो. जाताना शेगडी भरून ठेवली, आणि वाऱ्याने दार उघडू नये म्हणून बाहेरून कडी लावली. गेटवर नव्या मुलांना समजावत होतो, आगीला हवा कमी पडली की विष तयार होतं, ते दिसत नाही, वासही येत नाही. मुलं मान डोलवत होती. बरं वाटत होतं.

तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या बिरूची जीप येऊन थांबली. मागच्या सीटवर सुप्रिया आडवी, मान लुळी. कुशाबाईच्या मांडीवर छकुली, आणि कुशाबाई तिच्या तोंडात फुंकत होती. न्हाणं घालायला आली, हाक मारली, आतून ओ नाही. कडी काढली तरी दार सुतळीने घट्ट बसलेलं. खांद्याने धडका मारून उघडलं आणि दोघींना अंगणात ओढून काढलं. पासष्ट वर्षांची बाई.

डॉक्टरांनी विचारलं, बंद खोलीत कोळसा? हवा यायला जागा किती ठेवली होती? मग विचारलं, आपण काम काय करता?
बॉयलर अटेंडंट, असं म्हणायला तोंड उघडलं. शेती करतो म्हणालो. माझ्याकडे गुंठाभर जमीन नाही.

२१ डिसेंबर
सुप्रिया शुद्धीवर. नाकाला ऑक्सिजन. पहिलं बाळाचं विचारलं. छकुलीने डोळे उघडलेत. वाचली. पण डॉक्टर म्हणाले, पुढचं आत्ताच सांगता येत नाही. नजर कधी लावते, मान कधी धरते, ते बघत राहायचं.
कोळसा ओला असणार. दुकानदाराने ओला दिला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कोळसा ओला नव्हता. पत्र्यावर मीच वाळवला होता.

२४ डिसेंबर
काल सोडलं. मल्हार दोघींना परस्पर काटेवाडीला घेऊन गेला. मी म्हणालो, खोली नीट करतो, सव्वा महिना व्हायला अजून वेळ आहे. तो म्हणाला, मामा, ऱ्हाऊ द्या आता. एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. सुप्रिया गाडीत पुढे बघत बसली होती.
रंगू गेल्यावरही पोरीला माहेर होतं. ते मी बुजवलं, बारदान आणि सुतळीने. हे कोणाला सांगायचं?

३१ डिसेंबर
बारदान काढलं. चिंध्या काढल्या. भिंतीला दोन झरोके पाडले, एक जमिनीलगत, एक कौलांखाली. खालून थंड हवा आत, वरून गरम बाहेर. बॉयलरचाच नियम. शेगडी भंगारात दिली. कुशाबाई बघायला आली. खोली झ्याक झाली, भिमराव, म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. कोणासाठी रडली, ते मी विचारलं नाही.
सव्वा महिना पुरा व्हायला अजून सोळा-सतरा दिवस आहेत. थोडे दिवस का होईना, येईल. झरोक्यांचा नकाशा काढून घेऊन जातो, म्हणजे सारजाबाईंनाही पटेल.

१२ जानेवारी १९९७, रविवार
डायरी संपली. मागे टेलिफोन नंबरांची पानं कोरी आहेत, तिथे लिहितो.
आज काटेवाडीत बारसं झालं. सारजाबाईंनी मानानं बसवलं, टोपी-टॉवेल दिला. कोणी एक शब्द वावगा बोललं नाही. छकुली नजर लावते का, हे विचारायचं धाडस झालं नाही. लॉगबुक नेलं नव्हतं. नकाशा खिशात होता.

बायका पंगतीला बसल्यावर सुप्रियाच्या खोलीपाशी गेलो. उंबऱ्यावर उभा राहिलो. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. येताना सगळं जुळवून आलो होतो, खालचा झरोका नऊ इंची, वरचाही नऊ इंची, आता भीती नाही, चल. नकाशा काढायला खिशात हात घातला. तिनेच विचारलं, आबा, जेवलासा का? व्हय म्हणालो. तिने बाळाच्या डोक्यावरचं टकुचं सारखं केलं. मग म्हणाली, दारातनं बाजूला व्हा, आबा. वारं आत येऊ द्या.
रागाने म्हणाली नाही. तेच सोसवलं नाही.
बाजूला झालो. चारच्या एसटीने परत आलो.